दोन तवे

फोर्ट केंटची डॉक्टरीण तरुण होती.
कागद पुढे सरकवून म्हणाली: गहू बंद.
जव बंद, राय बंद. कायमचं.
क्लोव्हिसनं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.
परतताना ट्रकमध्ये, बर्फातल्या बटाट्यांच्या शेतांपाशी,
एकच बोलला:
"आणि प्लोय?"

प्लोय एका अंगानंच भाजायची. उलटायची नाही.
"उलटतात त्या परक्या गावच्या बायका,"
सासू म्हणायची, एर्मिन,
आणि माझ्याकडे बघायची.
मी नदीपलीकडची. कॅनडाची.
पुलावरून चालत आले तर बारा मिनिटं.

कुट्टूचं पीठ दोन वाट्या, गव्हाचं एक.
आधी गार पाणी. दहा मिनिटं हात लावायचा नाही.
मग उकळतं, घोटत घोटत,
पीठ हिरवट पिवळं होईतो.
तव्यावर पडलं की डोळे उघडतात,
बारीक, शेकडो,
आणि त्या डोळ्यांनी ती लोणी पिते.

कुट्टू निर्दोष सुटला होता.
गुन्हा त्या एका वाटीचा.
वाटी वगळली की झालं, असं मी धरून चालले.
तर बाईनं फोनवर विचारलं, तवा कुठला वापरता?

तवा एर्मिनचा. त्याआधी तिच्या आईचा.
बिडाचा, दोन्ही हातांनी उचलायचा.
तीन बायकांची चरबी, तीन बायकांचा गहू
त्याच्या रंध्रारंध्रांत मुरलेला.
घासून जात नाही. खरवडून जात नाही.
टाकून द्या, ती म्हणाली,
जसं काही दुधाची रिकामी पिशवी.

मी नवा आणला. राखाडी, खरखरीत,
कुणाचंच काही न ऐकलेला.
रोज रात्री त्याला चरबी चोळली,
ओव्हनमध्ये तापवला, निवू दिला, परत चोळली.
नवा चमचा घेतला, दांड्याला लाल दोरा बांधला.
क्लोव्हिस दारातून बघायचा
आणि बघितलं नाही असं दाखवायचा.

गहू नसला की पीठ पिठाला धरत नाही.
तांदूळ घातला: भुगा.
टॅपिओका घातला: ट्रकचं टायर.
अळशी भिजवून घातली, चिखल झाला,
पण चिखल निदान एकत्र राहिला.
पहिली चिकटली. दुसरी फाटली.
तिसरी कुत्र्यानं हुंगली, आणि तो
अंगणात काम असल्यासारखा निघून गेला.
"राहू दे, ओदील," क्लोव्हिस म्हणाला,
"बटाटे आहेत की."
चाळीस वर्षं बटाटे पिकवलेला माणूस.
त्याच्या तोंडून ते वाक्य
मला ऐकवलं नाही.

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला,
खिडक्या थरथरल्या, त्या रात्री
मी अळशी अर्धी केली, पाणी जास्त उकळू दिलं.
एक डोळा उघडला.
कडेला आणखी दोन.
मग आख्खा तवा माझ्याकडे बघायला लागला.

चार खाल्ल्या त्यानं, काकवी लावून,
गुंडाळी करून, बोटं चाटत.
मग म्हणाला, "जराशी जाड आहे."

बेचाळीस वर्षं मी एर्मिनच्या हातची प्लोय केली.
तिला त्यानं कधी जाड म्हटलं नव्हतं.
मी सिंकपाशी तोंड वळवून हसले.
जाड तर जाड.
ही पहिली, जी माझी होती.

आणि तो जुना तवा? तळघरात आहे, खिळ्याला.
रविवारी क्लोव्हिस चर्चला गेला की वर आणते,
खिडकी उघडते,
गव्हाची एक घालते, फक्त माझ्यासाठी,
तिचे डोळे उघडायची वाट बघते.

आणि उलटते.